रक्तात शोधलेली ॲलर्जी, नाकात राहिलेला दाह

शहरांतील बालरोगतज्ज्ञांकडे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे येणारे पालक अलीकडे फाइलमधून एक विशिष्ट अहवाल काढून टेबलावर ठेवतात. चार-पाच रंगीत पाने, त्यांत शंभर-दीडशे, क्वचित दोनशे पदार्थांची यादी: गहू, मसूर, वांगे, कोळंबी, शेंगदाणा, झुरळ, मांजर, गाजर गवताचे पराग. प्रत्येकासमोर दशांशचिन्हासह एक आकडा आणि शून्य ते सहा अशी श्रेणी. शून्याला हिरवा रंग, वर चढत जाणाऱ्यांना पिवळा, नारिंगी, लाल. ज्या मुलासाठी हे सारे केले त्याची तक्रार मात्र साधी आणि जुनी असते. सकाळी अंथरुणातून उठता उठता सलग दहाबारा शिंका, दिवसभर तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलत राहण्याची सवय, त्या सवयीने नाकाच्या मऊ भागावर उमटलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली काळसरपणा, आणि रात्री उघड्या तोंडाने झोप. पालकांना जाणून घ्यायचे असते की याच्या नाकात नेमके काय चालले आहे आणि ते कशाने थांबेल. अहवाल उत्तर देतो ते वेगळ्याच प्रश्नाचे. ही गफलत एखाददुसऱ्या दवाखान्यापुरती राहिली असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती आता तपासणीच्या व्यवस्थेतच मुरत चालली आहे, आणि तिचे परिणाम मुलांच्या ताटावर, औषधांवर आणि काही वर्षांनी त्यांच्या फुप्फुसांवर दिसतील अशी चिन्हे आहेत.

आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहानसन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे एकाच प्रतिपिंडाचा शोध लावला. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळाले. रक्ताच्या चाचणीत एखाद्या विशिष्ट पदार्थाला चिकटणारे आयजीई किती आहे हे मोजतात, आणि लिटरमागे ०.३५ किलोयुनिट ही मर्यादा ओलांडली की चाचणी रूढ अर्थाने सकारात्मक ठरते. याचा अर्थ एवढाच की शरीराने कधीतरी त्या पदार्थाची दखल घेऊन त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत. याला संवेदीकरण म्हणतात. संवेदीकरण हे ॲलर्जीच्या आजाराची पूर्वअट असू शकते, पण ते आजार नव्हे. आयजीई असूनही तो पदार्थ खाल्ल्यावर वा श्वासावाटे आत गेल्यावर काहीच न होणारी मुले भरपूर असतात. एकूण आयजीईची पातळी तर आपल्याकडे आणखीच फसवी, कारण पोटातल्या जंतांमुळेही ती वाढते, आणि जंतांचा प्रादुर्भाव आपल्या मुलांत दुर्मीळ नाही.

यादीची लांबी हा दुसरा, निव्वळ गणिती प्रश्न आहे. समजा, एखाद्या पदार्थाची चाचणी इतकी चांगली आहे की ज्याला संवेदीकरण नाही अशा मुलात ती १०० पैकी ९८ वेळा नकारात्मकच येते. एकच पदार्थ तपासला तर ही विशिष्टता उत्तम म्हणावी. पण अशा १०० चाचण्या एकाच वेळी केल्या आणि त्यांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर पूर्णपणे निरोगी मुलाच्या अहवालातही निदान एक लाल-पिवळी ओळ येण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के होते. चुका एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा असेल. पण दिशा बदलत नाही. प्रश्न न विचारता जितके अधिक तपासावे तितके उत्तर कमी विश्वासार्ह होत जाते. यादी लांब असणे म्हणजे तपासणी सखोल असणे, ही पालकांची स्वाभाविक समजूत इथे नेमकी उलटी ठरते.

त्यातही काही चुका ठरावीक दिशेनेच होतात. घरातल्या धुळीतले माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळपास सारख्या घडणीचे प्रथिन असते. माइटमुळे शिंकणाऱ्या काही मुलांच्या रक्तातले आयजीई हे प्रथिन ओळखते आणि म्हणून कोळंबीलाही चिकटते, मूल आयुष्यभर कोळंबीचे कालवण विनातक्रार खात आलेले असले तरी. वनस्पतींच्या प्रथिनांवर असणाऱ्या काही शर्करा-साखळ्यांचेही तसेच: परागांमुळे त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की गहू, शेंगदाणा, डाळी अशी एक लांबलचक रांग अहवालात उजळते, आणि त्यांपैकी बहुतेकांना वैद्यकीय अर्थ नसतो. नाकाच्या तक्रारीसाठी आलेल्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळपासून पोळी, आमटी, चटणी आणि मासे बंद होतात, ते असे.

आता नाकाकडे वळू, कारण आजार तिथे आहे. माइटच्या विष्ठेत डर पी १ नावाचे प्रथिन असते, जे प्रथिने कापणारे विकरही आहे. नाकाच्या आतल्या अस्तरातील पेशींना घट्ट जोडून ठेवणारे सांधे ते सैल करते. दुखावलेल्या अस्तरातून टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ असे धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात, त्यांना प्रतिसाद देणाऱ्या लसिकापेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ बनवतात, त्यांच्या प्रभावाने आयजीई तयार होते आणि इओसिनोफिल पेशी अस्तराकडे खेचल्या जातात. आयजीई मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर बसून राहते. ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारे प्रथिन, पुन्हा आले की काही मिनिटांत हिस्टामिन सुटते आणि शिंका, खाज, पाणी सुरू होते. हा पहिला टप्पा. चार ते आठ तासांनी दुसरा, संथ टप्पा येतो. त्यात इओसिनोफिल आणि इतर पेशी जमतात, अस्तर सुजते, नाक चोंदते. पहिला टप्पा सगळ्यांना दिसतो. दुसरा शांतपणे चालतो, आणि अस्तराची दीर्घकालीन हानी मुख्यतः त्यातच होते.

या दुसऱ्या टप्प्याचे दोन गुणधर्म मोजमापाच्या दृष्टीने कळीचे आहेत. अमेरिकन डॉक्टर जॉन कॉनेल यांनी १९६० च्या दशकात दाखवले की परागांचा मारा नाकावर रोज होत राहिला तर पुढच्या दिवसांत तेवढीच लक्षणे निर्माण करायला कितीतरी कमी पराग पुरतात. म्हणजे आज मूल किती शिंकते हे आज हवेत काय आहे यापेक्षा गेल्या आठवड्यात काय होते यावर अधिक अवलंबून असू शकते. दुसरे असे की लक्षणे थांबल्यावरही दाह पूर्ण विझत नाही. १९९० च्या दशकात इटलीतील संशोधकांनी माइटची ॲलर्जी असलेल्या, पण त्या वेळी कोणताही त्रास नसलेल्या रुग्णांच्या नाकातील अस्तर तपासले, तेव्हा तिथे दाहक पेशी होत्या आणि आयसीएएम-१ हा रेणूही होता. सर्दीचे सर्वात नेहमीचे विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्यांतील बहुसंख्य प्रकार पेशीत शिरण्यासाठी हाच रेणू वापरतात. या मुलांना वरचेवर सर्दी होते या पालकांच्या निरीक्षणामागे निदान एक ठोस यंत्रणा आहे, आणि बरे दिसणारे मूल बरे असतेच असे नाही, हेही त्यातून कळते.

मग हा दाह थेट मोजता येतो का? येतो, पण प्रत्येक पद्धत दाहाची एकच बाजू पकडते. सर्वात जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील खालच्या मांसल उंचवट्यावरून, म्हणजे इन्फिरिअर टर्बिनेटवरून, प्लॅस्टिकच्या बारीक चमच्यासारख्या साधनाने पेशी हलकेच खरवडून घेणे, काचपट्टीवर पसरणे, रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. मुलाला क्षणभर डोळ्यांत पाणी येण्याइतकी चुणचुण होते. काचपट्टीवर गुलाबी-केशरी दाणे भरलेल्या इओसिनोफिल पेशींचे थवे दिसले तर ॲलर्जीच्या दिशेने पुरावा मिळतो. न्यूट्रोफिल पेशीच अधिक दिसल्या तर विषाणू, जिवाणू किंवा धुरासारखा क्षोभक पदार्थ यांचा विचार करावा लागतो. इओसिनोफिल भरपूर असूनही कोणतीच ॲलर्जी नसलेला एक आजार आहे, तेव्हा ही पद्धतही एकट्याने निर्णय देऊ शकत नाही. तरीही ज्या जागी आजार आहे त्याच जागेची ही तपासणी आहे, आणि औषधाने फरक पडतो आहे का हे तीच काचपट्टी सहा आठवड्यांनी पुन्हा करून पाहता येते. रक्तातल्या आयजीईचे तसे नाही. नाक सुधारले तरी ते महिनोन्महिने तसेच राहू शकते.

नायट्रिक ऑक्साइडची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. दाह असलेल्या श्वसनमार्गाचे अस्तर हा वायू जास्त प्रमाणात बनवते, म्हणून उच्छ्वासातील त्याचे प्रमाण दम्याच्या मूल्यमापनात वापरतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांत अब्जात २० भागांखाली ते कमी आणि ३५ च्या वर जास्त धरतात. मग नाकातूनच वायू खेचून मोजला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचा मोठा साठा नाकाच्या अस्तरात नसून भोवतालच्या सायनस पोकळ्यांत असतो आणि तो अरुंद छिद्रांवाटे नाकात येतो. ॲलर्जीने अस्तरातले उत्पादन वाढते, पण त्याच ॲलर्जीने सूज वाढली की सायनसची छिद्रे बुजतात आणि आकडा खाली येतो. म्हणजे आजार मध्यम असताना आकडा चढतो आणि तोच तीव्र झाला की आकडा निरोगी मुलासारखा दिसू शकतो. त्यात मुलांचे सायनस वयाबरोबर वाढत असतात, कपाळातले तर सहासात वर्षांच्या सुमारास आकार घेऊ लागतात. त्यामुळे पाच वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाला एकच कसोटी लावता येत नाही. दम्याच्या मोठ्या रुग्णांत उपयोगी पडणारे पेरिऑस्टिन हे रक्तातले प्रथिन मुलांत बाद होते, ते याच जातीच्या कारणाने: वाढती हाडेही ते सोडत असतात. यंत्राने अचूक मोजलेला आकडा आणि योग्य अर्थ लावलेला आकडा यांत किती अंतर असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी दिशा हवेच्या प्रवाहाची. तोंड मिटून, नाकावर मास्क लावून मुलाला जोरात श्वास आत ओढायला सांगतात आणि साध्या मीटरवर प्रवाहाची कमाल नोंदतात. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम घेतात. सहासात वर्षांचे मूल थोड्या सरावाने हे करू शकते. अडथळा सुजेचा आहे की वाढलेल्या ॲडिनॉइडचा, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण सूज उतरवणारा थेंब नाकात टाकून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तर जेवढा प्रवाह सुधारला तेवढा भाग सुजेचा आणि उरलेला बहुधा रचनेचा, असे विभाजन करता येते. दोन्ही नाकपुड्या दर काही तासांनी आलटून पालटून थोड्या मिटत-उघडत असतात, म्हणून एकाच बाजूचे माप घेऊन निष्कर्ष काढणे चूक. शिवाय जन्मापासून चोंदलेल्या नाकाने जगणाऱ्या मुलाला आपले नाक चोंदलेले आहे हे ठाऊकच नसते. त्याला विचारले तर ते ‘ठीक आहे’ म्हणते, आणि आई सांगते की ते रात्रभर घोरते. लक्षणांचे गुणांकन आणि प्रवाहाचा आकडा यांचा मेळ अनेकदा बसत नाही, तो एवढ्यासाठीच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बहुतेक मुलांत नीट घेतलेला इतिहास, नाकाची प्रत्यक्ष तपासणी आणि काही आठवडे दिलेला स्टिरॉइडचा नाकातला फवारा यांवरून निदान पुरेसे स्पष्ट होते. मग एवढ्या मोजमापांची गरज काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझा आग्रह प्रत्येक मुलाची प्रत्येक चाचणी करण्याचा नाही. मुद्दा असा की इतिहास आणि तपासणी यांना लागणारी वीस मिनिटे गर्दीच्या ओपीडीत उपलब्ध नसतात आणि त्या जागी रक्ताची एक नळी बसवली जाते. तिला प्रशिक्षित हात लागत नाही, मुलाचे सहकार्य लागत नाही, घरी येऊन कोणीही ती घेऊन जातो, आणि तिच्यातून छापील, रंगीत, अधिकृत दिसणारे काहीतरी निघते. त्वचेवरच्या प्रिक चाचणीला हिस्टामिन आणि सलाइन यांची तुलना लागते, पंधरा-वीस मिनिटे थांबून फोड मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो, आठवडाभर आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. खरवडलेल्या पेशी वाचायला वाचणारा लागतो. जी चाचणी पसरते ती अचूकपणामुळे नव्हे, सोयीमुळे पसरते. आणि एकदा पसरली की तिने मोजलेले तेच आजाराचे स्वरूप मानले जाऊ लागते.

याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. एका बाजूला ज्या मुलांना काही नाही त्यांच्यावर पथ्याचे ओझे. मूल एरवी विनातक्रार खात असलेला पदार्थ केवळ आकड्यावरून बंद करण्यात कुपोषणाची भीती तर आहेच, पण सहनशीलता गमावण्याचीही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप चाचणीत जोखमीच्या तान्ह्या मुलांना लवकर शेंगदाणा खाऊ घातल्यावर पाचव्या वर्षापर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली, यावरून खाण्याचा संपर्क शरीराला काय शिकवतो हे लक्षात यावे. दुसऱ्या बाजूला, ज्यांचा अहवाल हिरवा आला त्यांना ‘ॲलर्जी नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. स्पेनमधील मालागा येथील गटाने दाखवले आहे की काही रुग्णांत आयजीई फक्त नाकाच्या अस्तरातच तयार होते. रक्त आणि त्वचा दोन्ही नकारात्मक, पण ॲलर्जन थेट नाकात सोडल्यावर प्रतिक्रिया ठळक. असा प्रकार मुलांतही आढळतो. माइटने भरलेल्या गादीवर झोपणाऱ्या त्या मुलाची सर्दी मग ‘थंडी बाधते’ या खात्यात जमा होते, दही आणि केळी बंद होतात, गादी तशीच राहते.

दाह न मोजता लक्षणांवर जे औषध सुचते ते बहुतेकदा पातळ औषधाची बाटली असते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या ठरावीक मिश्रणाच्या वेष्टणावर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे छापण्याचा आदेश भारतीय औषध नियंत्रकांना डिसेंबर २०२३ मध्ये काढावा लागला. माँटेलुकास्ट या औषधाच्या मनोव्यापारांवरील दुष्परिणामांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वात गंभीर दर्जाचा इशारा दिला. सौम्य नासिकादाहात ते टाळावे असेही सांगितले. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परागांच्या हंगामात नाकाचा त्रास असलेल्या शालेय विद्यार्थ्यांची उन्हाळी परीक्षेतली श्रेणी घसरण्याची शक्यता जास्त होती, आणि झोप आणणारी ॲलर्जीची औषधे घेणाऱ्यांत ती आणखी वाढलेली होती. दाहावर थेट काम करणाऱ्या नाकातल्या फवाऱ्याला मात्र ‘स्टिरॉइड’ या शब्दामुळे घरातून विरोध होतो, आणि तो कमी करायला ‘पाहा, सहा आठवड्यांत प्रवाह इतका सुधारला’ असे सांगणारा एकही आकडा डॉक्टरांच्या हाती नसतो.

समाजाच्या पातळीवर हीच उणीव मोठी होते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या इसाक या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अकोला, मुंबई, पुणे ही केंद्रेही होती. सहासात आणि तेराचौदा वर्षांच्या वयोगटांत गेल्या बारा महिन्यांत सर्दी किंवा फ्लू नसताना शिंका, नाक गळणे, चोंदणे झाले का, असा प्रश्न त्यात होता. देशोदेशींची तुलना करायला याहून स्वस्त साधन नव्हते, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षात सहा ते आठ विषाणूजन्य सर्द्या होणे नेहमीचे असते. प्रत्येक सर्दी आठदहा दिवसांची धरली तर वर्षातले दोन-अडीच महिने नाक वाहण्यात जातात. त्यांतून ‘सर्दी नसतानाचे’ दिवस वेगळे काढणे पालकांच्या आवाक्यातले नाही. शिवाय त्या उत्तरात हवेचा वाटा दिसत नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत रॅगवीड या तणाच्या ॲलर्जनसोबत डिझेलच्या धुराचे कण नाकात सोडले, तेव्हा त्या ॲलर्जनविरुद्धचे आयजीई नाकात कित्येक पटींनी वाढले. गाजर गवत रॅगवीडच्याच कुळातले, सूर्यफुलाच्या. आणि ते आपल्याकडे हमरस्त्यांच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, बांधकामांभोवती, म्हणजे धूर जिथे दाट तिथेच माजते. या दोहोंचा एकत्रित परिणाम रक्तातल्या यादीत किंवा प्रश्नावलीत कुठेच उमटणार नाही. तो नाकातच मोजावा लागेल.

मोजण्याचा हा प्रश्न वेळेशीही बांधलेला आहे. जर्मनीतील पाच शहरांत १९९० मध्ये जन्मलेल्या बालकांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात गवताच्या परागांविरुद्धचे आयजीई लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी, परागातल्या एखाद्याच रेणूविरुद्ध, अल्प प्रमाणात सुरू होताना आणि नंतर वर्षागणिक एकेक रेणू सामील होत पसरताना दिसले. नाकाच्या ॲलर्जीतून पुढे दमा होण्याचा धोका बहुधा याच काळात वाढत असतो, आणि आजाराच्या वाटचालीत हस्तक्षेप करू शकणारा उपचार, म्हणजे नेमके ॲलर्जन वाढत्या मात्रेत देण्याची इम्युनोथेरपी, लवकर सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडेल असा तर्क यावरून केला जातो. हा उपचार किमान तीन वर्षे चालवावा लागतो. त्यातले ॲलर्जन निवडताना जर दीडशे ओळींच्या अहवालातल्या सर्व लाल ओळी एका कुपीत एकत्र केल्या, तर खऱ्या कारणाची मात्रा पातळ होते आणि उरलेली कुपी निरर्थक प्रथिनांनी भरते. आपल्याकडील पुष्कळ अर्कांवर जैविक ताकदीऐवजी केवळ वजन-घनफळाचे प्रमाण लिहिलेले असल्यामुळे ही मात्रा किती उरली हे तपासताही येत नाही. आठ वर्षांचे मूल अशा कुपीवर अकराव्या वर्षापर्यंत राहते. या काळात दर सहा महिन्यांनी त्याच्या नाकातल्या पेशी पाहिल्या गेल्या, प्रवाह नोंदला गेला, तर उपचार चुकीच्या दिशेने जात असल्याचे पहिल्या वर्षातच लक्षात येऊ शकते. तसे न झाल्यास ते लक्षात येण्याची पहिली संधी बहुधा फुप्फुसांच्या चाचणीत मिळेल, आणि तोवर फाइलमधल्या निदानाच्या रकान्यात ‘बाळदमा’ लिहिले गेलेले असेल.